रावबहादूर बोले यांचा ठराव

इ. स. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक महार विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. ही गोष्ट त्या काळी इतकी अपूर्व होती की, मुलाचे कौतुक करण्यासाठी मुद्दाम एक सभा भरविण्यात आली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या सभेत मुलाच्या हाती दिले. त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्याने पुढे काय केले हे सांगण्याची आवश्यकता नाही. आणि केळुसकरांच्या त्या भेटीचाही चरित्रकारांना विसर पडलेला नाही. परंतु त्या सभेला एक अध्यक्षही होते, आणि सभांच्या अध्यक्षांचे बहुधा जे होते तेच त्यांचेही झाले: वृत्तांतात नाव राहिले, माणूस मागे पडला. ते अध्यक्ष म्हणजे सीताराम केशव बोले.

दादरला पोर्तुगीज चर्चजवळून सिद्धिविनायकाकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. मंगळवारी त्या रस्त्याने जाणाऱ्या सहस्रावधी भाविकांपैकी हे बोले कोण, असे विचारले तर उत्तर देणारे फारसे मिळावयाचे नाहीत. ह्यात लोकांचा दोष नाही. लोकांना तुरुंगवास आठवतो, उपोषण आठवते, गाजलेले व्याख्यान आठवते. कायदेमंडळातल्या सभासदाचे आयुष्य मात्र कामकाजाच्या जाडजूड पुस्तकांत निजलेले असते. त्याने सूचना दिली, ठराव मांडला, दुरुस्ती सुचविली, मत नोंदविले: एवढ्याने कुणाचे रक्त सळसळत नाही. तथापि एखाद्या सभासदाचे एकच वाक्य कधीकधी पुस्तकातून उठून चालू लागते. बोले ह्यांच्या एका वाक्याच्या बाबतीत तसे घडले. ते वाक्य कोठून निघाले, कोठे अडले आणि कोठवर पोचले, ह्यातच त्यांच्या कारकिर्दीचे सार आहे.

बोले भंडारी समाजातले. माडाची माडी काढणे हा ह्या समाजातील अनेक घरांचा परंपरागत व्यवसाय. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर झाडांवरील कर वाढले आणि माडावर चढणाऱ्याच्या हाती पूर्वीसारखे काही राहीनासे झाले. सरकारदरबारी लिहिलेला एक कागद घरातली चूल कशी विझवू शकतो, हे कळण्यासाठी ह्या समाजातील मुलाला अर्थशास्त्र वाचावे लागत नव्हते. कागदाचे हे सामर्थ्य ओळखणाऱ्या माणसाने पुढे कागदाच्याच मार्गाने काही करू पाहिले, तर त्यात नवल नाही.

पहिले काम मात्र गिरणगावातले. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत सूर्य मावळला की माग थांबत. दिवे आल्यावर सूर्याचा हा एकुलता एक कामगार-कायदाही रद्द झाला, आणि चौदा चौदा, कोठे पंधरा तासही काम चालू लागले. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली चळवळ उभारली होती. ते १८९७ साली निवर्तल्यावर ती मागे पडली. पुढे १९०९-१० च्या सुमारास कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या चालकांत बोले प्रमुख होते. सभेने ‘कामगार समाचार’ नावाचे पत्र चालविले, कामाच्या तासांसंबंधी अर्ज केले, संपाच्या वेळी तडजोडीची बोलणी केली. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडाच्या गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. आजच्या कानांना बारा तास म्हणजे जुलूम वाटेल. परंतु पंधरा तासांतून आलेल्या माणसाला ते तीन तास केवढे वाटले असतील, ह्याची कल्पना करावी.

अशा सभांची पुढे थट्टाही पुष्कळ झाली. अर्जविनंत्या करणाऱ्यांची मवाळ मंडळी, कामगारांची नव्हे तर कामगारांसाठी असलेली, अशी टीका मागाहून आलेल्या जहाल पुढाऱ्यांनी केली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. बोल्यांना सरकारने दिलेली रावबहादूर ही पदवीही त्या टीकेला भर घालणारीच होती. ते बंडखोर नव्हते. सभा, अर्ज, समिती, ठराव ह्यांवर विश्वास असलेल्या पिढीतले ते गृहस्थ होते. प्रश्न एवढाच की, अशा विश्वासाने माणूस कोठवर जाऊ शकतो.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतिक कारभाराचे दोन भाग केले. पोलीस, महसूल, न्याय ही खाती गव्हर्नर व त्याचे कार्यकारी मंडळ ह्यांच्या हाती राखून ठेवली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती ‘सोपीव’ म्हणून हिंदी मंत्र्यांकडे दिली. ह्या मंत्र्यांना कायदेकौन्सिलापुढे जाब द्यावा लागे. काँग्रेसने १९२० च्या निवडणुकांवर बहिष्कार घातला. त्यामुळे १९२१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या पहिल्या सुधारित कौन्सिलात नेमस्त, ब्राह्मणेतर पक्षाचे लोक, जमीनदार, व्यापारी अशी मंडळी बसली. देशाचे लक्ष तेथे नव्हते. महात्मा गांधी मार्च १९२२ पासून कैदेत होते आणि १९२३ साली येरवड्यास होते; कौन्सिलात कोण काय बोलतो ह्याची फिकीर करण्यास लोकांना सवड कोठली? अशा त्या उपेक्षित सभागृहात बोले सभासद होते.

सभासदाच्या हाती साधने फार थोडी. प्रश्न विचारता येई. विधेयक आणता येई. पण ते अनेक चाळण्यांतून जाऊन अखेर गव्हर्नरच्या संमतीला पोचावे लागे. ठराव मांडता येई. पण ठराव म्हणजे केवळ शिफारस. कौन्सिलाने एकमुखाने तो मान्य केला तरी सरकार त्याने बांधले जात नसे. बिनसरकारी कामकाजाला दिवस मोजके मिळत, आणि त्या दिवसांत प्रत्येकाचा काही ना काही ठराव असे. कुणाच्या गावाला पूल हवा, कुणाला दवाखाना हवा, कुणाला शेतसाऱ्यात सूट हवी. त्या गर्दीत ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव मान्य झाला.

तो ठराव बारकाईने पाहावयास हवा. त्याचा आशय असा की, सार्वजनिक पैशाने बांधलेली व राखलेली, किंवा सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेली जी पाणवठ्याची स्थळे, विहिरी व धर्मशाळा असतील, त्यांचा तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने ह्यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांना मोकळीक असावी, अशी कौन्सिलाची शिफारस आहे.

ह्यात दया नाही, भूतदया नाही, शास्त्रार्थ नाही. त्या काळी अस्पृश्यतेविषयी सहानुभूतीचे ठराव विपुल होत असत. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसने तसा एक ठराव केला होता. परिषदांच्या व्यासपीठांवरून अस्पृश्यता हा कलंक आहे असे म्हणणारे वक्ते थोडे नव्हते. कलंक म्हटले की तो धुण्याचे काम प्रत्येकाच्या अंतःकरणावर सोडता येते. बोल्यांनी अंतःकरणाला हात लावला नाही. त्यांनी विचारले, ही विहीर कुणाच्या पैशाने बांधली? लोकल बोर्डाच्या पैशाने. बोर्डाचा पैसा कुठला? कराचा. कर महारही देतो, चांभारही देतो. मग त्याच विहिरीवर तो दूर उभा का? सार्वजनिक पैसा ही एकच कसोटी घेतली, आणि तिच्यामागोमाग पाणवठा, विहीर, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेरी, दवाखाना अशी यादी दिली. यादी दिल्यामुळे संदिग्धतेत लपावयास जागा उरली नाही. हा एखाद्या तत्त्वज्ञाचा नव्हे, तर हिशेब तपासणाऱ्या माणसाचा ठराव आहे, आणि तेच त्याचे बळ आहे.

तेव्हाच्या वाचकाला कदाचित एक प्रश्न पडला असता: शाळा तर सरकारने कधीच खुल्या केल्या होत्या, त्या यादीत कशाला? कागदोपत्री खुल्या होत्या हे खरे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, आणि त्या मुलाने केलेल्या अर्जावरून वर विलायतेपर्यंत लिहालिही झाली. शाळा सर्वांसाठी आहेत हे तत्त्व सरकारने त्यानंतर मान्य केले. पण तत्त्व मान्य होऊन साठ वर्षे लोटली तरी मुले पडवीत, व्हरांड्यात नाहीतर दाराबाहेर बसत होती. आंबेडकरांनी स्वतः साताऱ्याच्या शाळेत असेच दिवस काढले होते. तेव्हा जी गोष्ट मान्य आहे ती पुन्हा मागावी लागत होती.

येथे कोल्हापूरचे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. शाहू छत्रपतींनी १९१९ साली आपल्या संस्थानात विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. राजाचा शब्द तो हुकूम. बोल्यांचा शब्द ती शिफारस. एकाच्या लेखणीमागे सत्ता होती, दुसऱ्याच्या लेखणीमागे सभागृहातील हात. परंतु हुकूम काढणारे छत्रपती १९२२ च्या मे महिन्यात निवर्तले, आणि हुकुमाचे भवितव्य पुढच्या कारभाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. कौन्सिलाचा ठराव दुर्बळ खरा, पण तो कुणा एका माणसाचा नव्हता.

त्याच्या दुर्बलतेचा प्रत्यय मात्र लवकरच आला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्यावर हुकूम काढला. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरती ठरावाची अंमलबजावणी करावी, असे खातेप्रमुखांना कळविण्यात आले. नगरपालिका आणि लोकल बोर्डे ह्यांच्याविषयी मात्र सूर पालटला: कलेक्टरांनी ह्या संस्थांना शिफारस मान्य करण्याच्या इष्टतेचा विचार करण्याविषयी सुचवावे! इष्टतेचा विचार! गावचे पाणी होते ते ह्याच संस्थांच्या ताब्यात. म्हणजे जेथे अडचण नव्हती तेथे हुकूम झाला, आणि जेथे अडचण होती तेथे सल्ला. कचेरीतल्या भाषेची ही कसरत कुणा परकी अधिकाऱ्याच्याच माथी मारता येईल असेही नाही. स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते होते, त्याचा मंत्री हिंदी होता आणि कौन्सिलाला जबाबदार होता. नगरपालिकांवर निवडून आलेली मंडळीही आपलीच. ज्या सत्तेची मागणी आपण इंग्रजापाशी करीत होतो तिचा जेवढा वाटा पदरात पडला होता, तेवढ्यात हा प्रश्न सुटण्याजोगा होता. आणि तो तेवढ्यातही सुटला नाही.

काही नगरपालिकांनी ठराव केले. कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी गावातील चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तळे खुले झाले ते इतिवृत्ताच्या पुस्तकात. सावित्रीच्या काठचे महाड हे बाजाराचे आणि तालुक्याच्या कचेऱ्यांचे गाव. खेड्यापाड्यांतून अस्पृश्य मंडळी तेथे कामाला, खरेदीला, सरकारी देणे भरण्याला येत. तळ्यावर हिंदू पाणी भरीत, मुसलमान भरीत, ख्रिस्ती भरीत. गुरेही पाणी पीत. एवढ्यांना मज्जाव नव्हता. ठराव झाल्यावरही तीन वर्षे कुणी अस्पृश्य त्या तळ्याच्या पायऱ्या उतरला नाही, कारण उतरल्यास काय होईल हे त्याला ठाऊक होते, आणि ठरावाच्या पुस्तकाला काठीचा मार लागत नसतो.

सामान्य सभासद येथे थांबता. एक चांगला ठराव नावावर लागला, वर्तमानपत्रांत नाव आले, सरकारचा हुकूमही निघाला. पुढच्या निवडणुकीत सांगावयास एवढे पुरेसे होते. बोल्यांच्या कारकिर्दीत विशेष काही असेल तर ते हेच की, ते आपल्या वाक्याकडे परत आले. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. हाही मान्य झाला. पहिल्या ठरावात पैशाचा हिशेब मागे वळून पाहणारा होता: ही विहीर कुणाच्या पैशाने झाली? दुसऱ्यात तो पुढे पाहणारा झाला: यापुढे पैसा मिळणार कुणाला? उपदेशाला न हलणारी संस्था अनुदानाला हलते, हे ज्ञान व्यासपीठावर मिळत नाही. ते सार्वजनिक संस्थांच्या कारभारात मुरलेल्या माणसालाच असते.

त्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या एका प्रयत्नाला फळ आले, आणि ते शिफारशीचे नव्हे तर कायद्याचे होते. वतनदार ग्रामजोशांचा प्रश्न आज पुष्कळांना परीकथेसारखा वाटेल. गावात लग्न व्हावयाचे असेल, यजमानाने ग्रामजोशाला बोलावलेच नाही, आपल्याच जातीच्या माणसाकडून विधी करविला, तरी वतनदार जोशी दक्षिणेचा दावा लावू शके आणि न्यायालय तो दावा मान्य करी! सत्यशोधक पद्धतीने लग्ने होऊ लागताच हे दावे सुरू झाले. जुन्नर तालुक्यातील ओतूरचा खटला जोतीराव फुल्यांच्या हयातीतच हायकोर्टापर्यंत गेला, आणि वतनाच्या हक्कापुढे यजमानाची इच्छा फिकी पडली. न केलेल्या कामाचे वेतन मागण्याचा असा हक्क दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडणार नाही. बोल्यांनी हा प्रश्न कौन्सिलात धसास लावला, आणि १९२६ च्या कायद्याने, ज्याने विधी केला नाही त्याला त्याचे वेतन मागता येऊ नये, अशी व्यवस्था झाली. भाषणांनी जे चाळीस वर्षांत झाले नव्हते ते काही कलमांनी झाले. कायदा आणि ठराव ह्यांतला भेद बोल्यांना ह्या दोन अनुभवांनी एकाच वर्षी दिसला असला पाहिजे.

दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात १९२६ साली अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्कावरून वाद झाला, त्यातही प्रबोधनकार ठाकरे व डॉ. आंबेडकर ह्यांच्याबरोबर बोले होते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

१९२७ च्या आरंभी डॉ. आंबेडकर सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या सत्काराच्या सभेचे अध्यक्षपद भूषविले तो विद्यार्थी आता बोल्यांच्या सभागृहात बसू लागला. पण त्या ठरावाचे पुढे जे झाले ते सभागृहात झाले नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या माणसांना प्यावयास पाणी हवे होते, आणि ज्या गावात नगरपालिकेच्या ठरावाने खुले केलेले तळे होते त्या गावात चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ह्या चाळीस रुपयांचा आकडा मनात ठेवण्याजोगा आहे. साडेतीन वर्षांपूर्वीच्या ठरावाची, त्यावरील सरकारी हुकुमाची आणि नगरपालिकेच्या औदार्याची बाजारातली किंमत त्या दिवशी ठरली. परिषदेने इतर ठरावांबरोबर बोले-ठरावाची अंमलबजावणी सरकारने करावी, प्रसंगी १४४ कलमाचा आधार घ्यावा, अशी मागणी केली. मग दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे ह्यांनी सुचविले की, आता येथून उठून तळ्यावर जावे. मंडळी उठली. चारचारांच्या रांगेने गावातून चालत ती तळ्यावर गेली. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि मग इतरांनी घेतले.

हे पाणी पिणारे कायदा मोडीत नव्हते. हीच त्या दिवसाची खरी गंमत आणि खरे दुःख आहे. सत्याग्रह म्हटला की कायदेभंग असे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. येथे तर कौन्सिलाने जे मान्य केले, सरकारने जे कळविले, नगरपालिकेने जे ठरविले, तेच लोकांनी फक्त करून दाखविले. त्यांना त्याचे फळ काय मिळाले? वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठविण्यात आली, परिषदेच्या मंडपात व गावच्या रस्त्यांवर मारहाण झाली, माणसे जखमी झाली. नंतर पंचगव्य मिसळलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले.

बोल्यांच्या श्रेयाचा विचार करताना येथे न्यायाने बोलले पाहिजे. वाक्य त्यांचे, चालणारे पाय आणि फुटलेली डोकी दुसऱ्यांची. कौन्सिलातल्या बाकावर बसून मांडलेला ठराव आणि काठ्यांच्या गराड्यात घेतलेली ओंजळ ह्यांना एका तराजूत घालणे हा चालणाऱ्यांवर अन्याय होईल. परंतु चालणाऱ्यांच्या हातात तो कागद होता, ही गोष्टही लहान नव्हे. ते भीक मागावयास गेले नव्हते, आणि धर्ममार्तंडांशी वाद घालावयासही गेले नव्हते. आपल्याला कबूल झालेली वस्तू घ्यावयास ते गेले होते. पुढच्या साऱ्या झगड्याचा सूर ह्यामुळे निराळा लागला.

महाडच्या नगरपालिकेने त्याच वर्षी आपला १९२४ चा ठराव रद्द केला. रद्द करण्याची तारीख ४ ऑगस्ट १९२७. चार वर्षांपूर्वी बरोबर त्याच तारखेला बोल्यांचा ठराव कौन्सिलात मान्य झाला होता. योगायोगच असेल, पण असा योगायोग कादंबरीकाराने योजला असता तर टीकाकारांनी त्याला हसून घालविले असते.

डिसेंबरात दुसरी परिषद भरावयाची होती. तिच्या आधी तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे असा दावा काही सवर्ण गृहस्थांनी १२ डिसेंबर रोजी लावला, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. आंबेडकरांनी तो पाळला. परिषदेच्या मंडळींनी मिरवणुकीने तळ्यापर्यंत जाऊन पाण्याला न शिवता परत येणे पत्करले. मग प्रकरण शांतपणे न्यायालयाच्या मार्गाला लागले. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ साली, आणि मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ रोजी. सर्व निकाल अस्पृश्यांच्या बाजूचे. हायकोर्टापुढचे मुख्य प्रश्न मालकीचा आणि रूढीचा असे दोन होते: तळे खाजगी आहे काय, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आल्याचे सिद्ध होते काय? दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली. सार्वजनिक ते सार्वजनिक, एवढेच मानून घ्यावयास पहिल्या ओंजळीपासून दहा वर्षे लागली.

मधल्या काळात इतरत्र काय चालले होते, ह्याचा शोध घेण्यासाठी १९२८ साली सरकारने स्टार्ट ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी, ठक्कर बाप्पा हे तिचे सभासद होते. १९३० साली समितीने जे सांगितले त्याने बोल्यांना समाधान वाटण्याचे कारण नव्हते: सरकारी व स्थानिक संस्थांच्या ठरावांनंतरही अस्पृश्यांना सामान्य विहिरींवर प्रत्यक्ष पाणी भरता येत होते अशी ठिकाणे थोडीच होती. अनुदान बंद करण्याचा धाक कागदावर राहिला. तो दाखविण्याची छाती कोणत्याच मंत्र्याला झाली नाही. बोल्यांच्या आयुष्यात यश किती, अपयश किती, ह्याचा हिशेब मांडणाऱ्याने ह्या अहवालाचे ओझे दुसऱ्या पारड्यात घातलेच पाहिजे.

शिफारशीचा कायदा व्हावयास आणखी सोळा-सतरा वर्षे जावी लागली. मुंबई कायदेमंडळाने १९४६ च्या हरिजन सामाजिक अडचणी निवारण कायद्याने ह्या मज्जावाला गुन्हा ठरविले. आणि २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना पूर्णपणे अमलात आली, तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पण बोल्यांच्या ठरावाशी ताडून पाहावयाचा तो पंधरावा अनुच्छेद. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा अशी यादी आहे; आणि त्या जागा कोणत्या, तर पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या अथवा जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या. शब्द घटनाकारांचे आहेत. कसोटी १९२३ सालच्या पावसाळ्यातली, सार्वजनिक पैशाची. बोल्यांच्या यादीतील शाळा, कोर्टे व दवाखाने ह्या खंडात नाहीत. उलट दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीच्या जागा अधिक आहेत, ज्यांना हात घालण्याचे १९२३ सालच्या ठरावात योजलेले नव्हते.